बाविसावा धडा

आमच्या मागच्या खोलीतल्या भाडेकरूंचा एका वर्षी घटस्फोट झाला. त्यांना बायको नव्हती, ही गोष्ट वेगळी.

तुळशीचं लग्न आदल्या दिवशीच झालं होतं. मी ओट्यावर सुकट निवडत बसले होते. ते आले, चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "वहिनी, यंदा माझा घटस्फोट आहे. तुमची कोपऱ्यातली खोली रिकामी आहे का?"

मी म्हटलं, "फिटरभाऊ, आदी लगीन तरी करा."

"लग्न झालंय की. चार वर्षांपूर्वी. तुम्ही गोड भात खाल्लात."

मग मला आठवलं. चार वर्षांपूर्वी एकदा त्यांनी पातेलंभर गोड भात आणून दिला होता. कशाबद्दल ते सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. म्हणजे आम्ही लग्नाचं जेवण जेवलो होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता.

"आता काय करायचा मग?"

"घर सोडायचं. मी सहा महिने हॉटेलात राहतो, असं लिहिलंय. हॉटेल काय परवडत नाही. कोपऱ्यातली खोली चालेल."

स्टोव्ह, दोन भांडी, वळकटी आणि गिटार घेऊन ते कोपऱ्यातल्या खोलीत गेले. मधे फक्त एक मोरी. जुन्या खोलीला कुलूप घातलं आणि सहा महिने त्या दाराकडे पाहिलं नाही. कामावर जाताना तिथून जावं लागे, तर मान खाली घालून जायचे. आम्ही बायका पदर तोंडाला लावून हसायचो. पण एकदा दुपारी मी मोरीवर गेले, तर हा माणूस त्या बंद दारासमोर उभा होता आणि त्याचे डोळे भरलेले होते. त्या दिवसापासून मी हसणं सोडलं. म्हटलं, हे सोंग नाही. हे काहीतरी दुसरं आहे.

आता नीट सांगते. नाहीतर सूनबाई म्हणते, आई, तुमचं लिहिणं म्हणजे तुमच्या बोलण्यासारखं, कुठूनही सुरू होतं. तर होऊ दे.

भिवंडीत आमच्या घरामागे चार खोल्या आहेत, भाड्याने देतो. भाडेकरू सगळे लूमवरचे. हे इचलकरंजीकडून आलेले, कारखान्यात लूमचे फिटर. लूम बिघडला की दुरुस्त करायचा, हे काम. उंच, वाकलेले, हाताला कायम तेलाचा वास. मी त्यांना फिटरभाऊ म्हणायचे, गावानेही तेच नाव उचललं. आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा दुसरा धडा चालू होता.

धडा म्हणजे काय, तर पुस्तकाचा. रद्दीवाल्याकडून त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. वर एका बारक्या गोऱ्या माणसाचा फोटो, गळ्यात लांब मानेची चार तारांची गिटार. तो कुठल्याशा परदेशी गाण्याच्या पार्टीत बेस गिटार वाजवायचा म्हणे, जगभर त्याचं नाव होतं. त्याची सगळी हकीकत त्या पुस्तकात. बावीस धडे. फिटरभाऊ दसऱ्याला हत्यारांची पूजा करत, त्या पूजेत पुस्तकही ठेवत, आणि मग एक धडा उघडत. एकच. त्यांचं इंग्रजी बेताचं, डिक्शनरी घेऊन बसायचे, तुळशीच्या लग्नापर्यंत एक धडा संपायचा. आणि मग पुढच्या दसऱ्यापर्यंत तो धडा ते जगायचे.

मी 'जगायचे' म्हणते ते उगाच नाही. त्या माणसाचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "मी" म्हणायचे. "यंदा माझी पहिली रेकॉर्ड येते." "यंदा मी दारू सोडतो." मी एकदा विचारलं, "त्याचा नाव तरी काय?" तर म्हणाले, "क्या है ना वहिनी, नाव घेतलं की तो दुसरा माणूस होतो." म्हणून मला आजही ते नाव माहीत नाही.

न वाचलेली पानं ते लूमच्या सुताने बांधून ठेवायचे. विणकरांची एक गाठ असते, बाजरीच्या दाण्याएवढी, ओढली तरी सुटत नाही. ती गाठ मारायचे. म्हणजे मोह झालाच तर हात थांबावा.

दारू सोडायच्या वर्षी मोठी पंचाईत झाली. त्यांनी आयुष्यात दारू घेतली नव्हती. दोन दिवस विचारात होते. सोडायची तर आधी लागायला पाहिजे, आणि लावून घ्यायला तर वेळ नाही. शेवटी चहा सोडला. आठ महिने. लूमवरच्या माणसाने चहा सोडणं काय असतं ते लूमवाल्यांनाच विचारा. हात कापायचे त्यांचे. कारखान्यातल्या भय्याने विचारलं, "फिटर, बीमार हो क्या?" तर म्हणाले, "नहीं, सुधर रहा हूँ."

आता ही गिटार नुसती खुंटीला नव्हती, हेही सांगायला पाहिजे. गावातल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून त्यांनी ती जुनी घेतली होती आणि स्वतःची स्वतः शिकले होते. आमच्या आगरी लग्नात हळदीला बेंजो पार्टी लागतेच. पुढे बेंजो, बाजूला कीबोर्ड, ढोल, ताशा, आणि सगळ्यांच्या मागे, स्पीकरच्या खोक्याला टेकून, फिटरभाऊ. पार्टीचा मालक बेंजो वाजवायचा, त्याला सगळे दादूस म्हणतात. गळ्यात सोन्याची साखळी, तोंडात कायम वेलची. त्याने फिटरभाऊंना का घेतलं होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं. बायका मला विचारायच्या, "तो मागचा वाजवतंय का नुसता उभा हाय?" त्या गिटारचा आवाज म्हणून वेगळा ऐकूच यायचा नाही.

मी ते फिटरभाऊंना सांगितलं. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण ते खूश झाले. म्हणाले, "वहिनी, उद्या दापोड्याला हळद आहे ना? तुम्ही येणार. लक्ष ठेवा. तिसऱ्या गाण्यात मी थांबतो."

दापोड्याच्या हळदीत अंगणभर माणसं नाचत होती. तिसऱ्या गाण्यात मी मागे पाहिलं. त्यांनी तारांवरचा हात उचलला. बेंजो चालू, ढोल चालू, कुणाचं काही चुकलं नाही. पण नाचणाऱ्यांचे पाय ढिले पडले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. नवऱ्या मुलाचा मामा बल्बकडे बघून म्हणाला, "व्होल्टेज गेला काय?" फिटरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, जराशी मान हलवली आणि परत हात ठेवला. अंगण पुन्हा उसळलं. मामा म्हणाला, "आला."

त्या दिवशी मला त्या माणसाचा धंदा कळला.

कारखान्यातही ते तसंच करायचे म्हणे. चाळीस लूम खडखडतायत, माणूस कानाशी ओरडला तरी ऐकू येत नाही, आणि हे लूमच्या अंगावर नुसता तळहात ठेवून सांगायचे, डावीकडचा बोल्ट ढिला आहे. मला म्हणायचे, "वरचा आवाज सगळ्यांना येतो, वहिनी. खालचा एक असतो. तो हाताने ऐकायचा."

भांडणाचं वर्ष तर मी विसरणार नाही. पुस्तकात पार्टी फुटते, पेटीवाल्याशी बेसवाल्याचं वर्षभर बोलणं बंद होतं. यांनी कीबोर्डवाल्याकडे जाऊन आधीच सांगितलं, "उद्यापासून आपलं भांडण आहे. दसऱ्यापर्यंत चालेल. मनावर घेऊ नकोस." तो बिचारा म्हणाला, "पण मी काय केलं?" "तू काय नाही केलंस. तू फक्त बोलू नकोस." वर्षभर दोघं एका टेम्पोत पाठीला पाठ लावून बसायचे. दसऱ्याला फिटरभाऊ त्याच्या घरी पेढे घेऊन गेले. तर तो खरंच रुसलेला. म्हणे, वर्षभर एकदाही विसरून बोलला नाहीस.

आणि दौऱ्याचं वर्ष. पुस्तकातला माणूस जग फिरतो आणि गावांची नावं पेटीवर रंगवतो. यांनी गिटारच्या पेटीवर ऑइलपेंटने रंगवलं: दापोडे. वज्रेश्वरी. गणेशपुरी. अकलोली. गणेशपुरीला आश्रमात आलेले कोणी परदेशी पाहुणे हळदीचा आवाज ऐकून बघायला आले होते, त्यातल्या एकाने यांच्या हाताकडे बघून अंगठा दाखवला. दोन महिने ती गोष्ट चालली. अकलोलीच्या गरम कुंडात हे तासभर बसून राहिले, कारण पुस्तकात म्हणे परदेशातल्या कुठल्या गरम झऱ्यात तो असाच बसतो. टेम्पो खोळंबला, दादूस शिव्या देत होता. परत आले ते लालबुंद होऊन. "बघा वहिनी, लिहिलंय तसंच. अंगाला गंधकाचा वास येतो, तेसुद्धा लिहिलंय."

सत्काराच्या वर्षी शाल-नारळ मी दिला. अंगणात सहा माणसं होती. त्यांनी भाषण केलं, लूमचे आभार मानले.

तुम्ही म्हणाल, वेडा माणूस. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. पण मी स्वतः चौथी शिकलेली. आमच्यात लग्नाचे विधी धवलारीण गाण्यातून करते, भटजी नंतर. मी धवलारीण. माझ्या आत्याच्या मागे बसून बसून मी धवले, म्हणजे ही गाणी, शिकले, आणि गाताना अजूनही मी नसतेच, आत्या असते. तिच्याच जागी श्वास घेते. मग मी त्या माणसाला कुठल्या तोंडाने वेडा म्हणू?

तर असे एकवीस धडे झाले.

एकविसाव्या वर्षी मी विचारलं, "भाऊ, भाकरी देऊ?" तर म्हणाले, "हो, उद्या शिफ्ट आहे." मला वाटलं तंद्रीत आहेत. मग रोजच असं व्हायला लागलं. लूमवाल्यांचे कान जातात, आमच्याकडे ते नवीन नाही. लोक ओरडून बोलायला शिकतात आणि पुढे जातात. पण एका हळदीत फिटरभाऊंचा हात ढोलाच्या मागे पडला. दुसऱ्या हळदीत परत पडला. दादूस माझ्याकडे आला आणि वेलची चघळत म्हणाला, "काकी, फिटर माझा जुना माणूस हाय. पण आता त्याला आयकू येत न्हाय. कीबोर्डच्या डाव्या हातानं पन बेस निघतंय. दसरा झाला का मी त्याला सांगतंय."

दसऱ्याला दीड महिना होता. एकच धडा राहिला होता. पावसाळ्यात त्यांची खोली गळायची, म्हणून पुस्तक माझ्या कपाटात असायचं. माझ्याने राहवेना. मी सूत सोडलं आणि सूनबाईला म्हटलं, "येवढा शेवटचा वाच. मराठीत सांग."

सूनबाई इंग्रजी शाळेत शिकवते. तिने सहा पानं वाचली. आयुष्यभर मोठ्या आवाजात राहून त्या माणसाचे कान जातात. तो शेवटचा कार्यक्रम करतो, गिटार एका संग्रहालयाला देऊन टाकतो आणि समुद्राकाठी घर घेऊन गुलाब लावतो. पुन्हा कधी तारेला हात लावत नाही. म्हणतो, मला आता शांततेची गोडी लागली.

"किती छान लिहिलंय ना आई," सूनबाई म्हणाली.

मी म्हटलं, "छान?"

जो माणूस बायको नसताना घटस्फोट घेतो, दारू न पिता सोडतो, तो हे वाचल्यावर काय करणार, हे मला उघड दिसत होतं. दसऱ्याला वाचायला घेईल, तुळशीच्या लग्नाला गिटार देऊन टाकेल. दादूसने सांगायचीही गरज नाही. मी ब्लेड घेतलं आणि ती सहा पानं मुळातून कापली. धवल्यांच्या वहीबरोबर पत्र्याच्या डब्यात ठेवली. आणि मागचं कोरं पान पुठ्ठ्याला धरून सूत परत बांधून टाकलं.

दसऱ्याला ते अंघोळ करून आले. मी दाराला तोरण लावत होते. त्यांनी पुस्तक घेतलं, झेंडू वाहिला. सुताकडे बराच वेळ बघत राहिले. मग गाठ न सोडता ते सरकवून काढलं, पान उलटलं, पुठ्ठा लागला. पुस्तक मिटलं.

"संपलं," म्हणाले. "एकवीसच."

"आसंल," मी म्हटलं, तोरणाकडे बघत.

त्यानंतर त्यांनी गिटारची पेटी उघडली नाही. तुळशीचं लग्न झालं, लगीनसराई लागली, तरी नाही. दादूसने आता येऊ नकोस म्हणून सांगितलं, तेव्हा नुसती मान हलवली. कामावर जायचे, यायचे, ओट्यावर बसायचे. मला काही सुचेना. पानं असती तरी गिटार सुटली असती, पानं काढली तरी सुटली. निदान पानं असती तर त्यांच्या मनाने सुटली असती. हे मी केलं होतं.

माघात माझ्या नातीची हळद ठरली. मी दादूसला बोलावून सांगितलं, "मागं फिटरभाऊ उभं राहतील, न्हायतर तुझा बेंजो नको."

"काकी, त्याला आयकू—"

"मना ठाव हाय."

मग मी डबा घेऊन फिटरभाऊंच्या खोलीत गेले. जवळ जाऊन, मोठ्याने म्हटलं, "नातीच्या हळदीला तुमी वाजवायचा."

ते म्हणाले, "वहिनी, पुढचं लिहिलेलं नाही. काय करायचं ते मला माहीत नाही."

मी डबा उघडला आणि सहा पानं त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, "लिवलेला हाय. मीच कापला." मला वाटलं ओरडतील. त्यांनी पानांना हात लावला नाही. खिशातून सुताचा तुकडा काढून माझ्यापुढे धरला. दसऱ्यापासून खिशात होता. पिवळा पडलेला.

"तुम्ही नवरा-नवरीला हळकुंड बांधता ना, ती गाठ आहे ही," म्हणाले. "आणि बोटांची हळद लागलीय. मी बघितल्याबरोबर ओळखलं."

खरंच होतं. माझ्या बोटांना दुसरी गाठ येतच नाही. शेकडो मनगटांवर तीच बांधली आहे. आणि बोटांची हळद तर वर्षभर जात नाही.

"मग बोलला कंला न्हाय?"

"काय बोलू? वहिनी, पुस्तकाच्या सुरुवातीलाच सगळ्या धड्यांची नावं छापलेली असतात. ती मी पहिल्याच दिवशी वाचली होती. बाविसाव्याचं नाव 'शांतता'." त्यांनी सूत परत मुठीत घेतलं. "म्हणून तर वर्षाला एकच वाचत होतो. नाहीतर पुस्तक काय, दोन वर्षांत झालं असतं."

मी तिथेच जमिनीवर बसले. वीस-एकवीस वर्षं आम्ही ज्याला वेड समजत होतो, ते हे होतं. माणूस शेवटचा धडा हाताने मागे ढकलत होता.

"तुम्ही पानं काढलीत," ते म्हणाले, "तेव्हा समजलो की आत वाईटच असणार. काय करतो तो शेवटी?"

मी सांगितलं. कान जातात. गिटार देऊन टाकतो. समुद्राकाठी गुलाब लावतो. मला ओरडून सांगावं लागलं. असली गोष्ट ओरडून सांगायची म्हणजे जिवावर येतं. शेजारच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

फिटरभाऊंनी ऐकलं. बराच वेळ तेलकट बोटांनी ते सूत गुंडाळत राहिले.

"गुलाब?" म्हणाले.

"हां, गुलाब."

"गुलाब मला नाही जमायचे, वहिनी. इथं नळाला पाणी एक दिवसाआड." मग उठून त्यांनी खाटेखालची पेटी ओढली. "त्याला जमले असतील. त्याचं तो बघेल."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून त्या माणसाला 'तो' म्हटलेलं ऐकलं.

हळदीच्या दिवशी दिवेलागणीला दादूसने पार्टी लावली. फिटरभाऊंनी चपला काढल्या आणि अनवाणी पाय स्पीकरच्या खोक्यावर ठेवून उभे राहिले. लूमवर तळहात ठेवायचे, तसा तळपाय. पहिल्या गाण्यात एकदा हात मागे पडला. दादूसने वळून माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. दुसऱ्या गाण्यापासून हात पडला नाही. कीबोर्डवाल्याने आपला डावा हात हळूच मांडीवर ठेवला. वर्षभर रुसलेला तोच तो.

मग बेंजो थांबला आणि धवल्याची वेळ झाली. मी पाटाशी बसले, नात समोर, अंगभर पिवळी. धवल्याला आमच्यात वाद्य नसतं, कधीच नव्हतं. मी पहिली ओळ धरली, आणि फिटरभाऊ वायर ओढत पुढे आले आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसले. एका म्हातारीने म्हटलंच, "धवल्याला बाजा?" ते फिटरभाऊंना थोडंच ऐकू येणार. ते माझ्या गळ्याकडे बघत होते. मी श्वास घेतला की त्यांचा हात उचलला जायचा, मी सूर लावला की खालून एकच स्वर यायचा, जमिनीतून, पाटातून, माझ्या मांडीत. पन्नास वर्षं मी एकटी गाते आहे. त्या दिवशी मला पहिल्यांदा कोणीतरी खालून हात दिल्यासारखं झालं. आत्या जिथे श्वास घ्यायची, त्याच्यापुढे मी चार शब्द जास्त गेले.

धवला संपला. त्यांनी तारांवर तळहात ठेवला. मघाची ती म्हातारी दापोड्याच्या मामासारखी वर बघायला लागली, मग तिच्या शेजारची, मग दादूससुद्धा. मीही बघितलं. बल्ब नीट चालू होता.